साच्यात राहिलेल्या गाड्या : हरवलेले प्रोटोटाइप, मातीची मॉडेलं आणि पुन्हा बांधलेली कुंताच

घाटमाथा (धागाकर्ता)

दोन गाड्यांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. दोन्ही एकेकच बनल्या, दोन्ही कधी विक्रीला आल्या नाहीत, आणि दोन्ही इंग्लंडमधल्या एकाच चाचणी मैदानावर, तीन वर्षांच्या अंतरानं फुटल्या. नन्ईटन गावाजवळचं ते मैदान, मायरा.

पहिली जग्वार एक्सजे१३. ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत परत उतरायचं म्हणून जग्वारनं ही १९६६ साली बांधली. ड्रायव्हरच्या पाठीमागे पाच लिटरचं व्ही१२ इंजिन, चार कॅमशाफ्ट, पाचशेच्या वर अश्वशक्ती. आकार माल्कम सेयरचा. सी-टाइप, डी-टाइप, ई-टाइप ज्याच्या हातून उतरल्या तोच हा माणूस. पण वरच्या लोकांचा निर्णय होता होता वेळ गेला. १९६८ पासून शर्यतीतल्या प्रोटोटाइपना तीन लिटरची मर्यादा आली आणि या गाडीचं कामच संपलं. त्याआधी १९६७ मध्ये डेव्हिड हॉब्जनं तिला मायरावर पळवली होती, एक फेरा सरासरी ताशी १६१.६ मैलांनी. मग ती कापडाखाली गेली.

जानेवारी १९७१ मध्ये नव्या व्ही१२ ई-टाइपच्या जाहिरातीसाठी चित्रण करायचं ठरलं आणि एक्सजे१३ बाहेर काढली. चालवायला नॉर्मन ड्यूइस, जग्वारचा मुख्य चाचणी चालक. वेगात असताना मागचं चाक निखळलं, गाडी आपटून उलटीपालटी झाली. ड्यूइसनं स्वतःला डॅशबोर्डखाली दाबून घेतलं, म्हणून खरचटल्याशिवाय वाचला. गाडीचा मात्र चुराडा. काही वर्षांनी तो चुराडा बाहेर काढून ती पुन्हा बांधली.

दुसरी लँबोर्गिनीची पिवळी एलपी५००. आपण 'काउंटाक' म्हणतो तिचा पहिला अवतार. मार्च १९७१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात बेर्तोने या इटालियन डिझाइन कंपनीच्या मांडवात ती उभी राहिली आणि लोक बघतच राहिले. मार्चेल्लो गांदिनीची रेखाटणी, पाचर ठोकल्यासारखी. तीन वर्षं चाचण्यांसाठी पळवली आणि मार्च १९७४ मध्ये त्याच मायरावर टक्कर-चाचणीसाठी मुद्दाम भिंतीवर घातली. उरलं ते भंगारात. २०२१ मध्ये लँबोर्गिनीनं एका संग्राहकासाठी तीच गाडी पहिल्यापासून पुन्हा बांधली, पंचवीस हजारांवर मनुष्यतास खर्चून.

आज दोन्ही गाड्या उभ्या आहेत. माझा प्रश्न साधा आहे. या 'त्या'च गाड्या आहेत का? माझं मत सांगतो: एक्सजे१३ तीच आहे, एलपी५०० ती नाही. पण मला ते नीट सिद्ध करता येत नाही, म्हणून धागा काढलाय. ज्यांनी असे विसरलेले प्रोटोटाइप, लाकडाची-मातीची मॉडेलं पाहिली असतील त्यांनी जरूर लिहा.

नवा_गडी

'कुंताच' हा खरा उच्चार आहे का? मी आयुष्यभर काउंटाक म्हणत आलोय.

घाटमाथा

हो, 'कुंताच'च्या जवळचा. पिएमोंते भागातल्या बोलीतला शब्द आहे. गांदिनीनं स्वतः सांगितलेली हकीकत अशी: प्रदर्शनासाठी गाडी तयार करताना रात्र-रात्र काम चालायचं. तिथे कुलुपं वगैरे बनवणारा एक धिप्पाड कारागीर होता, बोलीशिवाय दुसरं फारसं बोलायचा नाही. त्याच्या तोंडी सतत हा शब्द. मूळ अर्थ साथीचा रोग, पण म्हणायचा आश्चर्य वाटलं की. आपल्याकडे जुनी माणसं 'पटकी आली' म्हणायची, त्याच कुळातला शब्द. इतकी देखणी गाडी आणि नाव एका कामगाराच्या तोंडचं, याचं मला फार अप्रूप आहे.

मिडलँड्सकर

घाटमाथा, विषय माझ्या अंगणातला काढलात. मी बारा वर्षं कोव्हेंट्रीजवळ राहतो. एक्सजे१३ गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये पाहिली आहे, एकदा नाही, दहा वेळा तरी.

आधी सेयरबद्दल, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. सेयर विमानांच्या कारखान्यातून आलेला. तो स्वतःला स्टायलिस्ट म्हणवून घ्यायचा नाही. गाडीचा फुगवटा तो डोळ्यानं ठरवायचा नाही, गणितानं काढायचा. लांबच लांब कागदावर आकडे मांडून प्रत्येक कापाचे बिंदू काढायचे आणि ते जोडायचे. आज संगणक करतो ते काम हा माणूस हातानं करत होता.

आणि त्याच कंपनीचे मालक सर विल्यम लायन्स बरोब्बर उलटे. त्यांना चित्र काढून दाखवणं जमत नसे. ब्राउन्स लेनच्या कारखान्यात सॉ मिल होती, तिथे फ्रेड गार्डनर नावाचे कारागीर. लायन्स उभे राहायचे, बोटानं दाखवायचे, आणि गार्डनरची माणसं लाकूड-पत्रा वाकवून, तासून पूर्ण मापाचा नमुना करायची. मग तो नमुना वॅपनबरी हॉलला, म्हणजे लायन्सच्या राहत्या घरी जायचा. बागेत ठेवायचा, लांबून बघायचा, सकाळच्या उन्हात, संध्याकाळच्या उन्हात. पटलं नाही की परत कारखान्यात. छताखाली चांगली दिसणारी रेघ मोकळ्या आकाशाखाली पडते, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

ते नमुने गेले कुठे? बहुतेक सरपणात. ई-टाइपच्या आधीची पहिली चाचणी गाडी, ई१ए, १९५७ ची. अख्खी ई-टाइप तिच्यातून उभी राहिली आणि काम झाल्यावर ती मोडून टाकली. तिच्या मागची ई२ए नशिबानं वाचली. १९६० मध्ये ती ल माँला पळाली, ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकन शर्यतवाल्याच्या चमूकडून. डॅन गर्नी आणि वॉल्ट हँसगेन चालवत होते, इंजिन बिघडून बाहेर पडली. नंतर एक्सजे१३ च्या चाचण्या गुपचूप चालल्या होत्या तेव्हा लोकांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून हिलाच पुढे केली. तीही भंगाराच्या वाटेवर होती, पण ओळखीतल्या एका संग्राहकाच्या घरी गेली. २००८ च्या लिलावात तिला जवळपास पन्नास लाख डॉलर मिळाले.

आता एक्सजे१३ 'तीच' का? फुटल्यावर ती पुन्हा बांधली ॲबी पॅनल्सनं, म्हणजे गाड्यांचे पत्रे करणाऱ्या कंपनीनं. मूळ पत्रे बेतताना केलेल्या साच्यांपैकी काही शिल्लक होते, त्यावरच नवे पत्रे ठोकले. इंजिन व्ही१२ तेच. १९७३ मध्ये सिल्व्हरस्टोनला लोकांसमोर पळाली. पण चाकांवरच्या कमानी मूळ गाडीपेक्षा बाहेर काढलेल्या आहेत. मूळ फोटो शेजारी धरला की लगेच कळतं. म्हणून माझं मत: तीच आहे, पण सेयरचा शब्द तिथे बदललेला आहे. सेयर १९७० मध्येच वारला होता. त्याला विचारायला कोणी उरलं नव्हतं.

पत्रावाला

माझ्या वडिलांचं कुर्ल्याला डेंटिंगचं गॅरेज होतं. मी लहानपणापासून तिथेच. तेवढ्या अनुभवावर लिहितो.

साचा राहिला म्हणजे गाडी राहिली, हे अर्धंच खरं. साच्यावर पत्रा बसवतात तो एकदम बसत नाही. आधी वाळूच्या पिशवीवर ठोकून पोट काढायचं, मग खालून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून वरून हातोडी, मग साच्यावर धरून बघायचं कुठे टेकत नाही, परत काढायचं, परत ठोकायचं. ॲल्युमिनियमचा पत्रा तर ठोकता ठोकता कडक होतो. त्याला मध्येमध्ये ताव द्यावा लागतो, नाहीतर तडा जातो. वडील तावाचा अंदाज घ्यायला पत्र्यावर साबण घासायचे. खालून ज्योत फिरवायची, साबण काळपट झाला की थांबायचं. एक क्षण जास्त झाला तर पत्रा वितळून खाली.

एवढं सगळं केल्यावर दोन माणसांनी एकाच साच्यावर ठोकलेले दोन पत्रे सारखे निघत नाहीत. हात फिरवला की कळतं. वडील डोळे मिटून तळव्यानं सांगायचे, इथे खाली गेलाय. म्हणून मला तर वाटतं, एक्सजे१३ चं अंग दुसऱ्याचं आहे. सांगाडा आणि जीव, म्हणजे इंजिन, जुनं.

घाटमाथा

पत्रावाला, फार सुंदर लिहिलंत. साबणाचं मी पहिल्यांदाच ऐकतोय.

रंधा

धागा वाचून राहवलं नाही. मी पुण्याला सतरा वर्षं क्ले मॉडेलर म्हणून काम केलं. कंपनीचं नाव लिहिणार नाही. कागद सही केलेले आहेत आणि त्याची गरजही नाही.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याला माती म्हटलं की शाडू आठवतो. शाडूत पाणी असतं, पाणी सुटलं की तडकतो. गाडीच्या मॉडेलची माती वेगळी. तिच्यात पाणीच नसतं, मेण आणि तेल असतं, म्हणून महिनोन्महिने तशीच राहते. विटेसारखे दंडगोल येतात, चॉकलेटी रंगाचे. साठ अंशांच्या आसपास भट्टीत ठेवले की गुळासारखे मऊ होतात. खाली लोखंड-लाकडाचा सांगाडा, त्यावर फोम, आणि त्यावर ही गरम माती अंगठ्यानं दाबत जायची. हाताला चटके बसतात. जुन्या मातीत गंधक असायचं, त्याचा वास फुलबाजी विझल्यावर येतो तसा. घरी गेलो की मुलगी लांबूनच ओळखायची.

थंड झाली की ती लाकडासारखी तासता येते. आता पहिली तासणी मशीन करतं, पण शेवटचे दोन-तीन मिलिमीटर हातानंच. दातेरी रेक आडवा-उभा फिरवायचा, मग पोलादी पातळ पट्टीनं गुळगुळीत. त्यावर डायनॉक नावाची ताणली जाणारी फिल्म पाण्यानं बसवायची, की माती रंगवलेल्या पत्र्यासारखी चमकते. वर ट्यूबलाइटच्या रांगा. त्या ट्यूबची रेघ गाडीच्या अंगावर कशी वाहते ते बघायचं. दरवाजाच्या मागे एका ठिकाणी रेघ जराशी थरथरली तर फिल्म काढा, अर्धा मिलिमीटर खाली, परत फिल्म. एका दरवाजावर आम्ही अकरा दिवस काढले आहेत.

आता मुद्द्यावर येतो. मोठ्या मॉडेलवर बऱ्याचदा डावी बाजू एक आणि उजवी बाजू दुसरी करतात. दोन विचार एकाच गाडीवर. मध्ये उभं राहून बघणारा ठरवतो कुठली घ्यायची. आमच्या एका मॉडेलवर मी उजव्या बाजूला होतो, पाच महिने. स्पोर्टी, दोन दरवाजांची गाडी होती. शेवटी डावी बाजू जिंकली. ठीक आहे, तो धंद्याचा भाग आहे, त्याचं वाईट वाटत नाही. पण नंतर स्कॅन झाला तो फक्त डाव्या बाजूचा. उजवीचा कुणी घेतला नाही. मी विनंती केली की एक दुपार मशीन द्या, मीच बसतो. उत्तर आलं की वेळ नाही आणि गरजही नाही. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी पोरांनी फावड्यांनी माती खरवडली, क्रेटमध्ये भरली. मी बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. आत उभं राहवलं नाही.

आज त्या उजव्या बाजूचं जगात काहीही नाही. फोटो काढायला मनाई होती. माझ्या हाताला आठवते, एवढंच.

म्हणून एलपी५०० कोणी पुन्हा बांधली याचा मला आनंदच आहे. ती खरी का खोटी हा वाद ज्यांच्याकडे काहीतरी उरलंय त्यांचा आहे.

कोकणकडा

रंधा दादा, वाचून वाईट वाटलं. पण एक बाजू मांडतो. आपण गणपती करतो तेव्हा मूर्ती जपायची म्हणून करत नाही. दहा दिवसांनी पाण्यात सोडतो. मॉडेल हे मॉडेलच. काम संपलं की माती मातीला मिळाली. सगळंच जपायला लागलो तर गोदामं कोण बांधणार?

रंधा

कोकणकडा, हे मीही स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण आमचे मामा पेणचे. मूर्ती पाण्यात जाते हे खरं, साचा मात्र कोणी पाण्यात सोडत नाही. मामांच्या कारखान्यात माळ्यावर आजोबांच्या काळचे साचे आहेत, गोणपाटात गुंडाळलेले, प्रत्येकावर खडूनं वर्ष. काही मूर्ती चाळीस वर्षांत कोणी मागितलेल्या नाहीत. तरी साचा आहे. मला मॉडेल नको होतं, त्याचा साचा हवा होता. एक दुपारभराचा स्कॅन.

हुरॉन

मी मिशिगनला असते, डेट्रॉइटपासून पाऊण तासावर. रंधांनी जी माती सांगितली तिचं मोटारधंद्यातलं माहेर इकडचं. हार्ली अर्ल १९२७ मध्ये जनरल मोटर्समध्ये आले आणि 'आर्ट अँड कलर' नावाचा विभाग उभा केला. त्याआधी लॉस एंजेलिसला वडिलांच्या गाड्या बांधायच्या कारखान्यात ते मातीत आकार करून बघायचे. लाकूड-पत्र्यात चूक झाली तर दिवस जायचे, मातीत तासाभरात बदल. तीच पद्धत मग सगळ्या जगानं उचलली.

इकडे टिकून राहिलेली आणि मला फार जवळची वाटणारी एक गाडी सांगते. १९६४ मध्ये फोर्डची मस्टँग आली तेव्हा तिची एक आखूड, दोनच सीटची आवृत्ती बनवली होती, एकच. आकार व्हिन्सेंट गार्डनरचा. प्रदर्शनांत फिरली, लोकांना आवडली, आणि मग नेहमीप्रमाणे मोडायला पाठवायची ठरली. गार्डनरनं ती उचलली आणि इंक्स्टर गावात एका गोदामात ठेवून पुढे भिंत बांधून टाकली. आपलं काम कोणी मोडू नये म्हणून माणसानं गाडी भिंतीत चिणली. गोदामाचं भाडं थकलं तेव्हा ती सापडली. आज ती आहे, २०१५ मध्ये लिलावात विकलीही गेली. चोरी म्हणजे चोरीच, पण रंधांचं वाचल्यावर मला त्या माणसाचं मन कळलं.

जनरल मोटर्सच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारची तर रांगच आहे. १९६४ ची एक्सपी-८१९, इंजिन अगदी मागे टाकलेली, लॅरी शिनोडाच्या रेखाटणीची. चाचणीत आपटली, कापून तुकडे केले, ते तुकडे एका शर्यतवाल्याच्या गॅरेजात पडून राहिले. नंतर जोडून परत उभी केली. चार सीटच्या कॉर्व्हेटचं मॉडेलही झालं होतं, फोर्डच्या थंडरबर्डला उत्तर म्हणून. मागच्या सीटवर बसलेल्या एका बड्या अधिकाऱ्याला बाहेरच येता येईना, असं इकडचे जुने लोक सांगतात. तिथेच तो विचार संपला.

पण तुम्हाला सांगायचं ते वेगळंच. झोरा आर्कुस-डुंटोव्ह या इंजिनिअरनं मधोमध इंजिन असलेल्या कॉर्व्हेटसाठी १९६० पासून प्रोटोटाइपमागून प्रोटोटाइप केले. प्रत्येक नाकारला गेला. तो निवृत्त झाला, वारला. शेवटी २०२० च्या कॉर्व्हेटमध्ये इंजिन मधोमध आलं. साठ वर्षं. ते जुने प्रोटोटाइप जपले होते म्हणून आज आपण दाखवू शकतो की हा विचार कुणाचा होता.

नेकारकाठ

श्टुटगार्टहून. थोडक्यात लिहितो, कामावर आहे.

पोर्शे ७५४ टी७ बघा. १९५९ मध्ये फेरी पोर्शेंच्या मुलानं, फर्डिनांड अलेक्झांडरनं, आकार केला. ऐन पंचविशीतला मुलगा. समोरून बघाल तर ९११ च. तेच उंच दिवे, तीच मधली उतरती काच. मागून बघाल तर वेगळीच गाडी, कारण चार माणसं नीट बसावीत म्हणून छप्पर उंच मागे नेलेलं. दोन चाकांतलं अंतर २४०० मिलिमीटर. वडिलांनी सांगितलं, मागे लहान सीट पुरे, अंतर २२०० च्या आसपास ठेव. त्या एका वाक्यानं मागचा उतार खाली आला आणि १९६३ मध्ये फ्रँकफर्टला दिसली ती ९०१. नाव ९११ झालं ते पुढच्या वर्षी, प्यूजोनं मधल्या शून्यावर हक्क सांगितला म्हणून.

टी७ जपलेली आहे. ती नसती तर ९११ चा उतार हा जन्मजात होता असंच आपण सगळ्यांनी धरून चाललो असतो. तो उतार 'चार सीट नकोत' या नकारातून आलाय.

घाटमाथा

नेकारकाठ, हेच मला म्हणायचं होतं आणि जमत नव्हतं. रस्त्यावर आलेली गाडी फक्त उत्तर दाखवते. प्रश्न काय होता ते नाकारलेल्या मॉडेलमध्ये असतं.

एलपी५०० चंच घ्या. पिवळी गाडी बाजूनं अगदी स्वच्छ आहे. खिडकीच्या मागे नुसत्या फटी. बॉब वॉलेस, लँबोर्गिनीचा चाचणी चालक, तिला पळवायला लागला तेव्हा इंजिन तापायला लागलं. मग त्या फटींच्या जागी दोन मोठी खोकी वर आली आणि दरवाजाच्या मागे हवा आत घेणारा खोलगट त्रिकोण कोरावा लागला. इंजिनही पाचाचं चार लिटर झालं. आज पोरांच्या भिंतीवर जी कुंताच असते तिची सगळी ओळख त्या त्रिकोणांची आहे. आणि तो गांदिनीच्या मूळ कल्पनेत नव्हता. तापलेल्या इंजिनानं तो करायला लावला.

नवा_गडी

आपल्याकडे असं काही झालंय का? भारतात स्पोर्ट्स कारचा प्रोटोटाइप?

मिडलँड्सकर

झालंय. टाटांनी २००० मध्ये जिनिव्हाला आरिया रोडस्टर मांडली होती. पुढे त्याच नावाची मोठी कुटुंबाची गाडी आली, पण तिचा हिच्याशी काही संबंध नाही. २०१७ मध्ये जिनिव्हालाच रॅसेमो आली, दोन सीट, १.२ लिटर टर्बो, १९० अश्वशक्तीची. ती टाटांच्या तुरिनच्या स्टुडिओत घडली. बाजारात आली नाही. जग्वार २००८ पासून टाटांकडे. त्यांच्याच काळात सी-एक्स७५ झाली, २०१० च्या पॅरिस प्रदर्शनात छोटी गॅस टर्बाइन लावून दाखवलेली. मर्यादित संख्येत बांधायचं ठरलं होतं, २०१२ च्या शेवटी रद्द झालं.

हुरॉन

आणि पिनिनफारिना ही इटालियन डिझाइन कंपनी महिंद्रांकडे आली ना, डिसेंबर २०१५ मध्ये व्यवहार जाहीर झाला. त्या घरातली मोदुलो ही गाडी माझी सर्वांत आवडती. पाओलो मार्तिन यांनी ती आधी पूर्ण मापाच्या पॉलिस्टायरीनच्या ठोकळ्यातून कोरून काढली. १९७० ला जिनिव्हात आली, फेरारी ५१२एसच्या सांगाड्यावर, उंची ९३.५ सेंटिमीटर. माझ्या जेवणाच्या टेबलापेक्षा थोडीशीच उंच. महिंद्रा येण्याच्या आधीच, २०१४ मध्ये, ती एका अमेरिकन माणसाकडे गेली आणि त्यानं ती चालती केली.

पत्रावाला

त्याच वर्षीची बेर्तोनेची लान्सिया स्ट्रॅटोस झीरो तर ८४ सेंटिमीटर. तिला दरवाजेच नाहीत, समोरची काच वर उचलून आत शिरायचं. नुच्चिओ बेर्तोने ती स्वतः चालवत लान्सियाच्या कारखान्यावर गेले आणि फाटकाचा आडवा दांडा वर न करताच खालून आत. त्या भेटीतून जी स्ट्रॅटोस झाली तिनं १९७४, ७५, ७६ असं तीनदा जागतिक रॅलीचं विजेतेपद घेतलं. झीरोचा एकही पत्रा तिच्यात नाही, पण ती आली नसती तर ही झाली नसती.

कोकणकडा

घाटमाथा, तुमच्या मूळ प्रश्नावर परत येतो. एलपी५०० 'ती' नाही असं तुम्ही म्हणता. मग जीर्णोद्धार झालेली देवळं? आमच्या गावचं देऊळ माझ्या डोळ्यांदेखत दोनदा उतरवून बांधलं. चिरा नवा, कौलं नवी, सभामंडप वाढला. कुणीच म्हणत नाही की देऊळ वेगळं झालं.

घाटमाथा

कारण मूर्ती तीच होती, कोकणकडा. जागा तीच होती. एलपी५०० चं काय तेच होतं? १९७४ नंतर तिचं काही उरलंच नव्हतं. इंजिन नाही, सांगाडा नाही, साचा नाही. त्यांनी जुने फोटो, कागदपत्रं, बैठकांची टिपणं गोळा केली, संग्रहालयातल्या पहिल्या एलपी४०० चा, म्हणजे विक्रीला आलेल्या कुंताचचा, स्कॅन करून मापं ताडून बघितली. टायरसुद्धा पिरेल्लीनं आपल्या दप्तरातल्या जुन्या नोंदींवरून त्याच नक्षीचे करून दिले. पिवळा रंग जुळवून घेतला. पत्रे जुन्या पद्धतीनं हातानं ठोकले. काम मनापासूनच आहे, मी नावं ठेवत नाही. पण ते आठवणीवरून काढलेलं चित्र आहे.

रंधा

घाटमाथा, तुम्ही साच्याची बाजू घेताय, म्हणून माझ्याच बाजूचे आहात. पण एक सांगतो. फोटोवरून आकार उभा करणं किती अवघड असतं ते आम्हाला विचारा. फोटोत भिंग रेघ वाकवतं. पुढचं चाक मोठं दिसतं, मागचं लहान. पाच वेगवेगळ्या फोटोंवरून एकच काप काढायचा म्हणजे प्रत्येक फोटोत कॅमेरा कुठे होता हे आधी शोधावं लागतं. त्या माणसांनी गांदिनीचा हात शोधून काढलाय. पंचवीस हजार तास हे पत्रा ठोकण्याचेच नाहीत, त्यातले कितीतरी नुसते बघत बसण्याचे असणार. माझ्या उजव्या बाजूसाठी कोणी पंचवीस तास दिले असते तरी मी 'तीच आहे' म्हणून सही केली असती.

घाटमाथा

हे वाचून माझं मत हललंय, कबूल करतो. एक्सजे१३ ला साचा होता, तरी कमानी बदलल्या. एलपी५०० ला साचा नव्हता, तरी त्यांनी फटीसुद्धा मूळ ठेवल्या, जिथे पुढच्या शहाणपणानं खोकी लावणं सोपं होतं. मग मूळ माणसाचा शब्द जास्त कुणी राखला?

मिडलँड्सकर, तुम्ही पुन्हा गेडनला जाल तेव्हा एक कराल का? त्या कमानींचा जोड कुठून सुरू होतो ते बघाल? मूळ आकार कुठपर्यंत आहे आणि नवा कुठून, हे डोळ्यांना कळतं का?

मिडलँड्सकर

काल शनिवार होता, गेलो. दोरीच्या अलीकडूनच बघता येतं, हात लावता येत नाही. पुढचा मडगार्ड बोनेटकडून हळूहळू फुगत येतो, सेयरच्या आकड्यांसारखा, कुठेही थांबत नाही. चाकाच्या वर आला की साधारण चार बोटं आधी तो जरासा घाई करतो आणि बाहेर वळतो. छतावरच्या दिव्याची रेघ तिथे मोडते. रंधांनी लिहिलं नसतं तर मला दिसलं नसतं. वीस मिनिटं मागे-पुढे होऊन बघितलं, दर वेळी त्याच जागी मोडते. दोन्ही बाजूंचे फोटो उद्या रात्री इथे टाकतो. उजव्या बाजूचे आधी.